‘नंतर’चं बटण

आमच्या हॉस्पिटलात कुठल्याही फोनवरून नऊ दाबा, माझी मेहुणी बोलते. "बोला, कुठे जोडू?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. एकोणीस वर्षं हे तीनच शब्द. त्यामुळे तिचं खरं नाव हजेरीपटाशिवाय कुठे उरलेलं नाही. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला 'नऊ नंबर' म्हणतात. माझ्या बायकोला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, याचा भयंकर राग येतो. "कैदी आहे का ती, नंबरने हाक मारायला?" मेहुणीला मात्र चालतं. ती म्हणते, "ताई, आधी मला आंधळी म्हणायचे. त्यापेक्षा नऊ बरा. निदान कामाचा तरी आहे."

तिला जन्मापासून दिसत नाही. मी त्याच हॉस्पिटलात वायरमन, तिच्याआधी सहा वर्षं लागलेला, म्हणून मीच तिला इथे चिकटवली असं लोक अजून कुजबुजतात. एकदाच सांगतो आणि विषय संपवतो. तिने परीक्षा दिली, पहिली आली, आणि माझ्या ओळखीचा तिला झालेला फायदा इतकाच, की पहिल्या दिवशी बायकांचं बाथरूम किती पावलांवर आहे ते मी मोजून दाखवलं. चौदा पावलं. परत येताना तिने ती बारात संपवली आणि म्हणाली, "भावोजी, तुम्ही फार रमतगमत चालता बुवा."

तिची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. छत तिरकं, त्यामुळे उंच माणसाचं डोकं हमखास आपटतं आणि आत येणारा कोण ते तिला शिवीवरून कळतं. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीवर पंखा. टेबलावर पूर्वी बटणांचा बोर्ड होता. पाचाच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा, बाकी सगळं तिच्या डोक्यात. चारशे बारा नंबर. नुसते नंबर नाहीत. कोण कितव्या रिंगला उचलतो, कुणाला आधी 'सर' म्हटलं नाही तर नाक मुरडतो, कुठल्या वॉर्डातला रिसीव्हर नीट बसत नाही, सगळं. एकोणीस वर्षांत तिने चुकीच्या माणसाला फोन जोडलाय असं एकदाही झालं नव्हतं. एकदाही. हे दोनदा लिहिलं ते मुद्दाम.

तीन वर्षांपूर्वी तो बोर्ड काढला. मीच काढला, वरून हुकूम होता. का काढला? जुना झाला म्हणून. चालत होता की नाही? उत्तम चालत होता. माझ्या धंद्यात पहिल्या दिवशी उस्तादाने एकच गोष्ट शिकवली होती, चालत्याला हात लावू नये. पण साहेबलोकांना चालणारी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. बोर्डाच्या जागी एक अ‍ॅप आलं. आज कोण ड्युटीवर, कोण सुट्टीवर त्याची यादी त्यात, नावावर टॅप केलं की थेट त्याच्या मोबाईलवर फोन. नंबर दिसत नाही. खासगीपणा, म्हणे. टेबलावर राहिला तो एक साधा फोन, वॉर्डातले आणि बाहेरचे फोन घ्यायला.

हे अ‍ॅप मेहुणीने स्वतःच्या मोबाईलवर घेतलं, कारण त्यात स्क्रीन रीडर होता. ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोट फिरवलं की त्याच्याखाली जे असेल ते फोन बोलून दाखवतो. हवं ते ऐकू आलं की दोनदा टॅप करायचं, की ते बटण दाबलं जातं. बस. डोळ्यांचं काम कान करतात.

सात वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा असा फोन घेतला तो दिवस मी विसरणार नाही. ती आमच्याकडे बसली होती, लेक घरी बापाजवळ होती, तेव्हा तिसरीत. लेकीने बापाच्या फोनवरून मेसेज पाठवला, 'आई लवकर ये बाबांनी भात करपवला'. फोनने तो मेहुणीच्या कानात वाचला. फक्त तिच्या. तोवर तिला आलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक चिठ्ठी आधी दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडातून गेलेली असायची. ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि माझी बायको घाबरून "अगं काय झालं, कोण गेलं?" म्हणून ओरडायला लागली. दुसऱ्या दिवशी आमचे हेडक्लार्क तिला कौतुकाने म्हणाले, "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन!" ती म्हणाली, "मी एकही मागितला नव्हता. मी रजा मागितली होती, ती अजून मंजूर नाही."

फोनमधल्या त्या आवाजाचं नाव तिने ठेवलं 'नणंद'. "दिवसभर कानाशी बोलत असते, मध्ये थांबत नाही, आणि तिचं ऐकल्याशिवाय घरातलं पान हलत नाही." नणंदेचा वेग तिने इतका वाढवला होता की मला ते बोलणं म्हणजे डब्यात वाटाणे हलवल्यासारखं वाटायचं. फोनचा पडदा ती काळा ठेवायची. उजेड कुणासाठी जाळायचा? आणि शेजारी बसलेल्याने तिचे मेसेज का वाचायचे?

पहिली चार वर्षं नणंद गुणाची होती. मग अपडेट यायला लागले.

आता मी वायरमन आहे. वस्तू बिघडते हे मला मान्य आहे. घासते, गंजते, ओल धरते, बिघडते. पण सुधारतो-सुधारतो म्हणत चांगली वस्तू बिघडवणारी जात मी पहिल्यांदाच पाहिली. एका अपडेटनंतर 'पाठवा', 'खोडा', 'परत' ही सगळी बटणं नुसती 'बटण' झाली. बटण. बटण. बटण. जिथे तीन सारखी दारं आहेत आणि एक विहिरीत उघडतं, तिथे कुठलं दार उघडायचं? दुसऱ्या अपडेटनंतर नणंद फोन आला की गप्प व्हायची आणि फोन बंद करून चालू करेपर्यंत बोलायचीच नाही. तिसऱ्यानंतर लिहिताना अक्षरं दोनदोनदा उमटायची. प्रत्येक वेळी पडद्यावर रंग मात्र नवे. डोळसांसाठी आणखी गुलगुलीत, आणखी गोल कोपरे.

तिने तक्रार केली. तक्रार करणं हीच एक तक्रार होती. आधी सिद्ध करा म्हणे की तुम्ही माणूस आहात: खालीलपैकी ज्या चित्रांत सायकल आहे ती निवडा. शेजारी 'आवाजाने ओळखा' अशी सोय होती, पण नणंद तिला 'बटण' म्हणत होती. शेवटी माझ्या बायकोने सायकली निवडल्या. बावीस दिवसांनी उत्तर आलं. 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. कृपया अडचण येते त्या पडद्याचा फोटो काढून, अडचणीच्या जागी लाल गोल करून पाठवा.' मेहुणीने ते माझ्यासमोर दोनदा ऐकलं. मग म्हणाली, "भावोजी, लाल कसा असतो हो?" मी त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. ती म्हणाली, "तेवढं लाल असेल तर पाठवा."

त्यानंतर तिने स्वतःचा उपाय काढला. अपडेटची चौकट आली की 'नंतर'. उद्या आली की पुन्हा 'नंतर'. अकरा महिने ती रोज नंतर, नंतर करत त्या कंपनीला दारातून परत पाठवत होती. फोन जुन्या वळणावर जेमतेम चालत होता, पण चालत होता. अ‍ॅपमधली नावं नीट वाचत होता. तिची खुर्ची त्यावर टिकून होती.

आता माझं सांगतो.

एका शुक्रवारी दुपारी तिने फोन माझ्याकडे दिला. चार्जिंगची पिन सैल झाली होती, आणि चार्जिंग संपलं की तिच्या हातात वीट. मला म्हणाली, "एवढं बघा. आणि मध्ये काही चौकट आली तर 'नंतर' दाबा हं." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस." तिने पडदा उजळून दिला, नणंदेला गप्प केलं आणि मी फोन कार्यशाळेत आणला. मी पिन बदलली, फोन लावला आणि बॅटरीची खूण बघायला गेलो, तर नेमकी चौकट येऊन त्या खुणेवर बसली. 'आत्ता' हे मोठं, निळं, बोटभर रुंद. 'नंतर' कोपऱ्यात, राखाडी, मुंगीच्या अक्षरात. चष्मा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. तिसऱ्या मजल्यावरून लिफ्टसाठी हाका चालू. मी जे मोठं होतं ते दाबलं.

म्हणजे चौकट घालवली. असं मी स्वतःला सांगितलं.

फोन अर्धा तास बंद-चालू होत राहिला. तिला परत देताना तिने विचारलं, "काही आलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

मला कुणी मारहाण करून ते वदवलं नव्हतं. पंचवीस वर्षं मी पोरांना 'चालत्याला हात लावू नये' म्हणून दम देतो, आणि त्याच तोंडाने मी ते 'नाही' म्हणालो. तीन दिवस काही झालं नाही. मला वाटलं, वाचलो.

मंगळवारी सकाळी अकरा वीसला प्रसूतीच्या खोलीतून नऊवर फोन आला. भूलतज्ज्ञ हव्यात, ताबडतोब, बाळाचे ठोके पडताहेत. मेहुणीने यादी उघडली, बोट फिरवलं. नणंद बोलली: 'भूलतज्ज्ञ मॅडम, ड्युटीवर.' दोनदा टॅप. फोन बंद आहे. पुन्हा बोट, पुन्हा तेच नाव, पुन्हा टॅप. फोन बंद आहे. ड्युटीवरच्या डॉक्टरचा फोन बंद? तिने डॉक्टरांच्या खोलीत लावला, तर तिथला रिसीव्हर कुणीतरी काढून बाजूला ठेवलेला. वॉर्डातून पुन्हा फोन, या वेळी रडक्या आवाजात. तिने पुन्हा टॅप केलं. तिला तरी काय माहीत, की नणंद एकीचं नाव घेते आणि फोन खालच्या ओळीतल्या डॉक्टरला लावते. ते डॉक्टर सुट्टीवर होते, विमानात बसलेले.

मी जिन्याजवळ शिडीवर होतो. एकोणीस वर्षांत मी तिला पळताना पाहिलं नव्हतं. ती खोलीतून काठीशिवाय बाहेर आली, एक हात भिंतीला, एक हवेत, आणि जिन्याकडे धावली. समोरून येणाऱ्या ट्रॉलीवर आपटली, पडली, उठली, जिना चढली. मी हाका मारत शिडीवरून उतरेपर्यंत ती वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या खोलीचं दार दोन्ही मुठींनी बडवत होती. आत भूलतज्ज्ञ मॅडम चहा पीत होत्या. फोन त्यांच्या खिशात, चालू. अकरा मिनिटं गेली होती.

बाई वाचली. बाळ वाचलं, पण चार दिवस काचेच्या पेटीत होतं. ते चारही दिवस मेहुणी रोज दोनदा नवजात विभागात फोन लावून बाळाची चौकशी करत होती. घरी तिचा नवरा, साधा शिंपी माणूस, तिला म्हणाला, "तू अजून जेवत का नाहीस?" ती म्हणाली, "ते पेटीतून बाहेर येऊ दे."

पाचव्या दिवशी तिच्या हातात मेमो पडला. तो तिला मी वाचून दाखवला. 'कर्मचाऱ्याच्या दृष्टिदोषामुळे चुकीचा क्रमांक जोडला गेला. तसेच कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय जागा सोडली.' चौकशी होणार. तोवर आणि बहुधा त्यानंतरही तिची बदली नोंदी ठेवायच्या खोलीत. तिथे काम काय? काही नाही. बसायचं.

"दृष्टिदोष," ती म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. "एकोणीस वर्षं दृष्टी नव्हती तेव्हा दोष नव्हता. मग मंगळवारी काय झालं? मंगळवारी मी जास्त आंधळी झाले?"

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी म्हटलं, "हरामखोर आहेत सगळे," आणि ते म्हणताना माझा आवाज सर्वांत मोठा होता.

"मला खुर्ची देताहेत आणि काम काढून घेताहेत, भावोजी. घरात म्हाताऱ्या माणसाला कोपऱ्यात बसवतात तसं. मी नाही जायची." आणि ती कामाला लागली. चौकशीला नऊ दिवस होते. नऊ दिवस ती ते अ‍ॅप उघडून, बोट फिरवून, ऐकून, टॅप करून बघत होती, आणि समोर कुणाचा फोन वाजतो ते विचारत होती. शंभरदा बरोबर लागायचा. मग एकदम एकदा चुकायचा. मी तिला एवढंच सांगू शकलो की सैल जोड सापडायचा असेल तर वायर हलवावी लागते. स्थिर वायर कधी दोष दाखवत नाही. तिने त्यावर विचार केला. आठव्या दिवशी मला म्हणाली, "सापडलं." काय ते सांगितलं नाही.

चौकशी प्रशासकांच्या खोलीत, दुपारी दीडला. काचेचं टेबल, गुरगुरणारा एसी. टेबलामागे प्रशासक साहेब, शेजारी मेट्रनबाई लिहून घ्यायला, आणि टायवाला एक माणूस, अ‍ॅपच्या कंपनीचा. मी साक्षीला, कारण जिन्यावर मी होतो.

अ‍ॅपवाल्याने तिचा फोन घेतला, पडदा उजळला, दहा नावांवर टॅप केलं. दहाही बरोबर. "सर, आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही. झालाच असेल तर फोनच्या नव्या व्हर्जनमुळे. आणि ते व्हर्जन मॅडमनी स्वतः घेतलंय. हे बघा, शुक्रवारी दुपारी तीन चाळीस."

फोनवाली कंपनी म्हणते अ‍ॅप, अ‍ॅपवाले म्हणतात फोन. तू राणी मी राणी, पाणी कोण आणी? आणि या टोलवाटोलवीचा चेंडू कुणाच्या डोक्यावर पडला, तर जिला तो दिसत नाही तिच्या.

"मी घेतलेलं नाही," मेहुणी म्हणाली.

"इथे नोंद आहे मॅडम. 'आत्ता' दाबलंय."

"मी अकरा महिने 'नंतर' दाबतेय. मी नाही दाबलं."

साहेब हळूच म्हणाले, अगदी मायेने, "अहो, होतं असं. तुम्हाला दिसत नाही ना. चुकून बोट लागलं असेल."

ती माया ऐकली आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. ती त्यांच्यावरची होती, माझ्यावरचीही होती. मी उभा राहिलो. "तिचं बोट नाही लागलं. माझं लागलं. फोन माझ्याकडे होता. मला दोन्ही डोळे आहेत, चांगले आहेत, आणि मी दाबलं. तिने विचारलं तेव्हा नाही म्हणून सांगितलं."

मेहुणीने मान माझ्याकडे वळवली. कुणी थोबाडीत मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मग तिने मान परत साहेबांकडे वळवली, आणि मी त्या खोलीत तिच्यापुरता संपलो.

"साहेब," ती म्हणाली, "हे गृहस्थ बघून टॅप करताहेत. मंगळवारी बघून टॅप केलेलं नव्हतं. तुम्ही न बघता करा. मी पडदा काळा करते, आवाज तुमच्यासाठी सावकाश करते. किती वाजले?"

"दोनला चार कमी."

"मग दोन वाजू देत. घाई नाही."

दोन वाजता ड्युटी बदलते. सकाळचे जातात, दुपारचे येतात, आणि यादीतली नावं वरखाली सरकतात. तिने काय शोधलं होतं ते मला तेव्हा कळलं. मंगळवारी सकाळी अकरा वीसलाही दोन डॉक्टरांनी आपसात ड्युटी बदलली होती. नावं बोटाखाली सरकली की नणंद जुनंच नाव वाचत राहते, आणि टॅप मात्र नव्या ओळीला लागतो. तिने वायर हलवली होती.

साहेबांनी हसत काळा फोन हातात घेतला. एक फोन लावला, बरोबर लागला. दुसरा लावला, बरोबर. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून गेले. "आता मेट्रनबाईंना लावा," मेहुणी म्हणाली. "त्या समोरच आहेत, चुकायला वाव नाही." साहेबांनी बोट सरकवलं. फोन सावकाश, स्पष्ट बोलला, 'मेट्रन, ड्युटीवर.' साहेबांनी दोनदा टॅप केलं. मेट्रनबाईंनी हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. तो गप्प होता. साहेबांच्या हातातून एक घोगरा आवाज आला:

"शवागार. बोला."

साहेबांनी फोन उलटा करून बघितला.

"बोला की. बॉडी न्यायचीय का?"

साहेबांनी फोन टेबलावर टाकला. "माझं... माझं बोट घसरलं वाटतं."

"लिहून घ्या मेट्रनबाई," मेहुणी म्हणाली. "साहेबांच्या दृष्टिदोषामुळे चुकीचा क्रमांक जोडला गेला."

मेट्रनबाईंनी खरंच लिहिलं. साहेब "अहो, अहो" करेपर्यंत ओळ संपली होती. पुढे तो कागद बदलून घेतला म्हणा. त्यावर आता 'तांत्रिक कारणामुळे' आहे. बदली रद्द झाली, खुर्ची राहिली. पण 'परवानगीशिवाय जागा सोडली' ही ओळ तशीच ठेवली, सक्त ताकीद देऊन. अकरा मिनिटांत बाळासाठी सगळ्या इमारतीत एकच माणूस धावला, त्याला ताकीद. डॉक्टरांचे नंबर कागदावर द्या अशी तिने मागणी केली, तर ते नियमात बसत नाही. आणि अ‍ॅपवाल्याने जाताना सांगितलं, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू.

घरी बायकोला सगळं कळलंच होतं. तिने दार उघडलं आणि तिथेच विचारलं, "बोटाला काय खाज सुटली होती?" मी चपला काढायला वाकलो. "बरं, दाबलं ते दाबलं. नाही का म्हणालात?" मी चपला पुन्हा पायात घातल्या.

मेहुणी माझ्याशी बोलायची थांबली. मी कार्यशाळेतून नऊ दाबायचो. "बोला, कुठे जोडू?" "मी आहे." "कुठे जोडू?" "अगं, तुझ्याशीच..." "या नावाचा विभाग नाही." फोन ठेवलेला. तीन आठवडे. मी खोलीत गेलो तर तिरक्या छतावर माझं डोकं आपटायचं आणि शिवी ऐकूनही तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. नणंदेवर तिचा आता काडीचा विश्वास नव्हता. प्रत्येक फोन जोडताना आधी "कोण बोलतंय?" विचारायची, मगच पुढे. एकोणीस वर्षांचे तीन शब्द होते, त्यात दोनांची भर पडली. ते मला प्रत्येक वेळी ऐकू यायचे.

काल दुपारी चारला, तिची पाळी संपल्यावर, कार्यशाळेच्या दारात काठी वाजली. ती कधी इथे येत नाही. जमिनीवर वायरी असतात. मी धावत वायरी गोळा केल्या. तिने चाचपून टेबल शोधलं आणि त्यावर फोन ठेवला. पडदा उजळलेला होता.

"काहीतरी चौकट आलीय. ही नुसतं 'बटण' म्हणतेय. वाचा. सगळं वाचायचं, एक अक्षर गाळायचं नाही."

मी चष्मा लावला. "'तुमच्या सोयीसाठी नवी आवृत्ती उद्या पहाटे आपोआप बसवली जाईल.'"

"खाली?"

"खाली एक बटण आहे. 'ठीक आहे'."

"दुसरं?"

"दुसरं नाही."

"'नंतर' कुठे गेलं? कोपऱ्यात बघा. बारीक असेल, राखाडी असेल. तुम्हीच ताईला सांगितलंत ना तसं."

मी फोन खिडकीपाशी नेला. तिरका करून बघितला. कोपरे बघितले, चारही. चौकटीबाहेर टॅप करून बघितलं, फोन बंद करून चालू केला. चौकट पुन्हा आली, तशीच, एका बटणाची.

"नाही," मी म्हणालो.

"भावोजी. खरं सांगताय?"

पंचवीस वर्षांत मला इतकं कुणी बोललं नव्हतं. "खरं सांगतोय," मी म्हणालो. "काढून टाकलंय त्यांनी. ठेवलंच नाही."

मी फोन परत टेबलावर ठेवला. मला वाटलं ती फोन उचलून भिंतीवर फेकेल, आणि फेकला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तिने पायाने स्टूल शोधलं, बसली आणि पर्समधून घडी केलेले दोन कागद काढले. मेट्रनबाईंचं अक्षर. सगळ्या डॉक्टरांची नावं, पुढे मोबाईल नंबर. नियमात बसत नाही म्हणून हाताने लिहिलेले.

"चार दिवस पर्समध्ये आहेत. रविवारी लेकीला सुट्टी, तिच्याकडून वाचून घेणार होते. आता रविवारपर्यंत वेळ नाही." तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. "किती आहेत?"

मी मोजले. "त्रेसष्ट."

"चारशे बारा होते तेव्हा पंधरा दिवस लागले होते. भूलतज्ज्ञांपासून सुरू करा. आणि नीट वाचा, भावोजी. चुकलात तर उद्या चूक माझ्या नावावर लागेल."

मी पहिला नंबर वाचला. तिने तो म्हणून दाखवला. मी तो कागदावर बोट ठेवून पुन्हा ताडून पाहिला, एकेक आकडा, आणि मगच दुसरा वाचला.